जवाई सोडून सगळ्यांले माफी

(भंडाऱ्यातलं विणकराचं घर. नंदलाल हातमागावर बसलाय, बायको कुसुम बाजूला धाग्याच्या कांड्या भरतेय.)

कुसुम: म्हणजे शेजारच्या पुष्पाबाईच्या कोंबड्यालेबी माफ केलं म्हणा तुमी?

नंदलाल: केलं ना! अंधारातच उठवलं त्यानं मले, तरी एक शिवी नाई दिली. म्हटलं, जा बापू, प्रभूनं तुले असाच घडवला. परवा बकरीनं कोश्याच्या रेशमाची लडी चघळली, तिलेबी माफ. काल लाइन गेली, त वीजवाल्यांलेबी माफ.

कुसुम: त्यांले पत्ता तरी हाय काय, तुमी माफ केलं ते?

नंदलाल: तसं नसते वं. पास्टरसाहेबांनी काय सांगतलं? चर्चात उचललेल्या चिठ्ठीत देवाचा जो गुण आला, तो आठवडाभर आपल्या कामात शोधाचा, अन् रविवारी त्याच्यावर हातानं काही बनवून चर्चात आणाचं. मले आला 'क्षमा करणारा'. हे पाय, धागा तुटला का गाठ मारतो. पाप म्हणजे तुटलेला धागा, क्षमा म्हणजे गाठ. कशी हाय आयडिया?

कुसुम: लय भारी. मंग चर्चातल्या इश्वरभाऊसंग चिठ्ठी बदलाले काहून गेल्ते?

नंदलाल: कोणं सांगतलं तुले?

कुसुम: त्याच्याच बायकोनं.

नंदलाल: त्याले 'सर्वशक्तिमान' आला. बेटा ट्रॅक्टर घेऊन येणार हाय चर्चाच्या अंगणात! मी सहज इचारलं, बदलतं काय. नाई म्हणते.

कुसुम: सहज नाई. कोंबडा झाला, बकरी झाली, लाइन झाली. आता अंकुशच राह्यला, म्हणून पळून राहिले तुमी.

नंदलाल: मागाजवळ त्याचं नाव नको घेऊ!

कुसुम: काहून नको? जवाई हाय तुमचा! एक शब्द काय बोलला लग्नात...

नंदलाल: एक शब्द? मी महिनाभर बसून विणलेला दुपट्टा गळ्यात घालून, भर पंगतीत म्हणते, "मामाजी, मशीनवरचं कापडबी असंच दिसते." विणकराच्या घरी जेवाले बसून असं बोलते काय कोणी?

कुसुम: मोबाइलच्या दुकानात बसते तो. त्याले कापडातलं काय समजते? तवापासून त्याचा फोन आला का तुमी मले देता. मोनिका म्हणते, बाबा ह्यांच्याशी बोलत नाई, त मीबी येत नाई. दोन वर्षं झाली, माझी पोरगी ह्या घरी जेवली नाई. रडू येते हो मले. अन् तुमी कोंबड्यांले माफ करत बसले.

नंदलाल: त्यानं आधी म्हणावं ना, चुकलं म्हणून.

कुसुम: कोंबड्यानं म्हटलं काय?

नंदलाल: तू चर्चात बोलत नको जाऊ. पास्टरची नोकरी जाईन.

कुसुम: थांबा, फोनच लावते.

नंदलाल: अवं, हात खळीनं भरले माझे!

कुसुम: हातानं नाई बोलाचं, तोंडानं बोलाचं. स्पीकरवर ठेवते. हॅलो, अंकुश? मामाजी बोलते, घ्या.

अंकुश: मामाजी? तुमी? तब्येत ठीक हाय ना?

नंदलाल: ठीक हाय. ते... दुपट्ट्याचं सांगाचं होतं. मी माफ केलं.

अंकुश: कोणता दुपट्टा?

नंदलाल: कोणता? लग्नातला! मशीनवरचंबी असंच दिसते म्हटलं ना तुमी!

अंकुश: ते होय? म्हटलं असन. आपल्याले त काही याद नाई. म्हणून तुमी बोलत नव्हते मामाजी? मोनिका म्हणे, तुमचा स्वभावच तसा हाय.

कुसुम: प्रभू, सांभाळ रे बापा...

नंदलाल: मंग आता तरी समजते काय फरक?

अंकुश: खोटं कायले बोलू मामाजी... नाई समजत. मले आजबी दोन्ही सारखंच दिसते.

कुसुम: गेलं सगळं पाण्यात!

अंकुश: हॅलो? मामाजी? नाराज झाले काय?

नंदलाल: झालो. लय झालो. तरी मोनिकाले घेऊन जेवाले या.