मी फक्त बारापर्यंत जेवत नव्हतो

...नाही हो, उपोषण नव्हतंच ते! किती वेळा सांगू? उपोषणाला मंडप लागतो, मागण्यांचं निवेदन लागतं, त्याची एक प्रत तहसीलदारांना द्यावी लागते. माझ्याकडे यातलं काही म्हणजे काही नव्हतं. माझ्याकडे होता कराडच्या डॉक्टरांचा कागद, त्यावर वजन एक्क्याण्णव पूर्णांक चार, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात, ‘साखर उंबरठ्यावर.’ वय सव्वीस! आता मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेला माणूस, मला अंदाजपंचे काही जमत नाही, म्हणून चार शोधनिबंध वाचले, डॉक्टरांना विचारलं आणि मगच ठरवलं, की सोळा तास पोटाला सुट्टी आणि दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात दोन जेवणं. बस्स! तुम्हाला सांगतो, मी फक्त बारापर्यंत जेवत नव्हतो!

पण चूक झाली. नेमकं सांगायचं तर, चूक दिवसाची झाली. आदल्या संध्याकाळीच जेवताना मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, म्हणालो होतो, “आप्पा, एकदा तात्यांशी बोला की.” तात्या म्हणजे लालासाहेब, आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ, शेजारीच राहतात, मध्ये अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, आणि सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून नऊ वर्षं अबोला. नऊ! भिंतीपलीकडे एक खोकला, की अलीकडे दुसरा टीव्हीचा आवाज वाढवणार... तर आप्पा ताटावरून उठले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भाकरी वाढली, तेव्हा मी, अत्यंत निःसंदिग्ध शब्दांत हं, म्हणालो, “आई, आजपासून मी सकाळचं खाणार नाही.”

“आवं, ऐकलं का? पोरानं अन्न सोडलं!”

“सोडलं नाही आई, पुढे ढकललं.”

“बापाचा राग अन्नावर काढू नगंस रं... बघा, आवाजबी खोल गेलाय!”

अहो, सकाळचे साडेसात वाजले होते, आवाज खोल जायला मला रात्रीपासून वेळ तरी मिळाला होता का? पण भिंतीपलीकडे काकींचं भाकरी थापणं थांबलं, आणि मी ओळखलं, की बातमी गेली. दुपारी बाराच्या ठोक्याला मी आईसमोर बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या, पुरावा म्हणून! तर आई डोळ्याला पदर लावून शेजारणीला सांगते, “माझं मन राखाया खातंय गं लेकरू.” आता या युक्तिवादाचं खंडन कसं करायचं, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या दिवशी हंबीरराव आले. निवृत्त सुभेदार. त्यांनी रीतसर चौकशी केली.

“गड्या, जेवतोस कवा?”

“बारा ते आठ.”

“आन् उपाशी कवा?”

“आठ ते बारा.”

बोटांवर तास मोजून म्हणाले, “म्हंजे साखळी उपोषण!”

म्हटलं, “सुभेदार, साखळी उपोषणात माणसं पाळीपाळीने बसतात, मी तर एकटाच...”

“मग तुझीच पाळी, तूच सोडवणारा. लय शिस्तीचं काम हाय!”

आणि सलाम ठोकून गेले! अहो, मी फक्त बारापर्यंत जेवत नव्हतो!

गंमत म्हणजे, अकराव्या दिवशी वजन भरलं एकोणनव्वद पूर्णांक शून्य. त्यात पाणी किती नि चरबी किती, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही; पण पँट कमरेला सैल झाली होती, एवढं निरीक्षण मी नोंदवलंय. फक्त आप्पा न्याहारी अर्धी टाकून उठायला लागले होते. तिकडे तात्याही, असं काकींकडून आईला कळलं.

आणि बारावा दिवस. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. भिंतीला वळसा घालून तात्या आमच्या दारात! नऊ वर्षांनी! हातात लिंबूसरबताचा पेला, घाईत निम्मं सरबत सदऱ्यावर. मागे आप्पा, शिऱ्याची ताटली घेऊन. दोघांचे डोळे लाल.

“सोड बाबा,” तात्या म्हणाले. “आमी दोघं बोललो. मोटारीची पयली पाळी दादाचीच.”

“न्हाई, लालाची,” आप्पा.

“तुमी थोरलं हाय!”

“तू गप!”

बाराला तीन तास पन्नास मिनिटं होती. मी तोंड उघडलं, समजावून सांगणारच होतो... पण तात्यांनी उघड्या तोंडाला पेला लावला! चार चमचे तरी साखर असावी. प्यायलो. काय करता? ‘तात्या, मी फक्त बारापर्यंत...’ असं म्हटलं असतं, तर ते तसेच वळून परत गेले असते, आणि पुढची नऊ वर्षं माझ्या नावावर! मग शिरा खाल्ला. मी खात होतो, तोवर दोघं बोलत होते. घास थांबला, की दोघं गप्प होऊन माझ्याकडे बघायचे. म्हणून आणखी घेतला.

आता रोज तेच. भिंतीचे वरचे तीन थर काढलेत, तिकडून ताटं यायला. आठला तात्यांकडे न्याहारी, नऊला घरी, समोर दोघं भाऊ, ऊस, मोटार, लहानपणच्या चोऱ्या... हसतात हो! नऊ वर्षांचं साठलंय, आणि माझा हात ताटात फिरतोय.

परवा कराडला गेलो. वजन त्र्याण्णव पूर्णांक दोन. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, “अहो, इतकं छान चाललं होतं, मध्येच का सोडलंत?”

काय सांगू? म्हटलं, “डॉक्टर... मागण्या मान्य झाल्या.”