आईचा नाटकाचा पेपर

तुम्हाला वाटतं ना, मला आर्ट्सला सहज जाऊ दिलं? दहावीच्या निकालानंतरच्या रविवारी बाबा आणि काका चहा पिता पिता माझं सायन्स ठरवून मोकळे झाले होते. मी बिस्किट बुडवत गप्प बसले होते.

आई इंग्रजीत बी.ए. आहे आणि व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काकांनी तिला विचारलं, "वहिनी, खरं सांगा, कॉलेजात शिकलात त्यातलं आज काय उपयोगी पडतं?"

आईने खरंच विचार केला. "कविता आवडायच्या, पण विसरले. भाषाशास्त्र तेव्हाही कळलं नाही. नाटकाचा पेपर मात्र रोज उपयोगी पडतो."

"ऑफिसात नाटक?" काका हसले.

"आमच्या बाई सांगायच्या, प्रवेश वाचताना जो बोलत नाहीये त्याच्याकडेही लक्ष ठेवा. मघापासून तुम्ही दोघंच बोलताय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बिस्किट कपात पडलं.

"तुला काय हवंय गं?" बाबांनी विचारलं.

"इंग्रजी."

बाबांनी बिस्किट काढायला मला चमचा दिला. मग इथल्या कानडी सवयीने म्हणाले, "सरी, ठीक आहे. आम्हाला इंजिनिअरिंगला हा पेपर नव्हता."