थर्झाच्या नावाचं पुडकं

— आता मिरचीचंच विचारताय म्हणून सांगते हं दादा, ती पैज होती. चर्चच्या हॉलात गुरुवारी आम्ही सगळ्या बसतो ना, जुन्या चादरी सुरीनं खरवडून लढाईतल्या जखमींसाठी कापूस काढायला नि पुडकी बांधायला, तिथं ओबेड सरपण टाकायला आला नि म्हणाला, 'थर्झाच्या पुडक्यात लाल मिरची टाकून दाखवा, आहे हिंमत?' झालं — घेतली पैज. कुणी? असेल कुणीतरी! नाव काय करायचंय? बसा ना, कुबडी भिंतीला लावा. थर्झा, माझी बहीण, कोंबड्यांकडे गेलीय, गणवेशातला शिपाई दिसला की त्याला अंडी खाऊ घालायचीच असतात तिला. केक खाणार? सफरचंदाचा आहे. तिनंच केलाय, म्हणजे चांगलाच असणार — तिचं सगळंच चांगलं असतं.

नाही हो, जळत नाही मी. जळायचं काय त्यात? नियमच आहे, प्रत्येकीनं आपल्या पुडक्याला चिठ्ठी टाचायची, नाव नि गाव. तर थर्झाला आजवर अकरा पत्रं आली. अकरा! ओहायोतल्या कुठल्या पोरीला येतात? 'मिस थर्झा, तुमचा कापूस इतका मऊ की जखम झोपी गेली.' जखम झोपते होय कधी? आणि आई ती जेवताना मोठ्यानं वाचणार, बटाटे गार होईपर्यंत. मला? एकही नाही. माझं बोट कापलं खरवडताना, हे बघा, वण आहे अजून — पाद्रीबाईंनी माझा ढीग असा दोन बोटांत उचलला नि म्हणाल्या, 'केझाया, हा उशीत भरायला ठेव.' सगळ्या हसल्या. थर्झा नाही हसली. तिनं आपल्यातला मूठभर माझ्या ढिगात सरकवला, गुपचूप. त्याचाच तर जास्त राग आला!

म्हणजे — आला असेल. त्या कुणालातरी.

आणि एवढं काय झालं हो? डॉक्टर पुडकं उघडणार, वास घेणार, कुबट आहे का बघायला — नि आक्‌छी! मिशा लाल. मग फेकून देणार नि लिहिणार एक वाईट पत्र. एकच. अकरा चांगल्यांत एक वाईट आलं तर काय बिघडलं? आलं की ते. 'या नावाचं पुडकं पुन्हा पाठवू नये.' तेव्हापासून थर्झाला सुरीला हात लावू देत नाहीत. जाते तरी दर गुरुवारी, नुसती बसते, हात मांडीवर. तिला वाटतं आपल्याच स्वयंपाकघरात बरणी सांडली असेल, आपणच बघितलं नसेल. शेल्फ तीनदा धुतलं वेडीनं. मला वाटलं होतं मजा येईल बघायला.

हसलात ना पण? शिंका आल्या ना सगळ्यांना?

...काय? वास घेतला नाही? का नाही घेतला? — वेळ नव्हता. बरोबर आहे, एवढे लोक पडलेले, बरोबर आहे. मग थेट... कुठं? मांडीतल्या जखमेत? तुमच्याच? अख्खी मूठ?

चौघांनी धरलं होतं. हं.

आणि पाय — पाय त्यानं गेला का? नाही ना? आधीच जायचा होता ना तो? गोळीनंच ना? शत्रूच्या, त्या मिसिसिपीवाल्याच्या गोळीनं — सांगा ना दादा! डॉक्टर काय म्हणाले? ...त्यांनाही सांगता येत नाही. मग कुणाला येतं?

आणि पुडक्यावरची ही तिच्या नावाची चिठ्ठी जपून ठेवलीत. एवढ्या लांब आलात, एका पायावर, तिला शिव्या द्यायला... नाही? नुसतं विचारायला? 'का' एवढंच?

तिला नका विचारू. अहो, ती हो म्हणेल! 'माझीच चूक' म्हणेल नि रडेल, तुम्हाला खरं वाटेल. ती तशीच आहे, म्हणून तर — दार वाजलं. आली.

थर्झा, अंडी खाली ठेव. ठेव म्हणते ना! बरणी नव्हती सांडली. मी टाकली मिरची. पैज मी घेतली, पुडकं मी सोडलं, चिठ्ठी तुझीच राहू दिली. हे दादा, यांच्या मांडीत गेली ती.

माझ्याकडे नको बघूस. त्यांच्याकडे बघ.

दादा, विचारा आता. मला विचारा.