आधी बिघाडाचं प्रकरण

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावच्या वाचनालयात केल्विन ‘ज्येष्ठांसाठी कंप्युटर’ हे पुस्तक घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक बारकं पुस्तक घेतलेल्या नोएलीनबाई आणि त्यांचा मुलगा डॅरिल.

“आई, शनिवारी गाडीमागे ट्रेलर लावून तुझा जुना कंप्युटर मी भंगारात नेतोय.”

“हात तर लावून बघ! यंत्र ठणठणीत आहे, फक्त त्याची सिस्टिम म्हातारी झालीय. त्यात मी लिनक्स ही फुकटची नवी सिस्टिम घालणार.”

“तू? ह्या वयात?”

“म्हणून तर पुस्तक नेतेय.”

“मग ते ज्येष्ठांचं तरी घे.”

“त्यात माउस कसा धरायचा हेच चाळीस पानं चाललंय. जन्मभर मेंढ्या धरल्या मी. माउस काय पळून जातो?”

“बरं, मग फळीवरचं ते जाडजूड?”

“त्यात ‘बिघडलं तर’ हे प्रकरण अगदी शेवटी आहे. ह्या बारक्यात ते दुसऱ्याच क्रमांकावर आहे. हे लिहिणाऱ्या माणसाने स्वतः बिघडवलेलं दिसतंय. त्याच्यावर माझा भरवसा आहे.”

“आणि तू बिघडवलंस तर?”

“तर प्रकरण दुसरं उघडायचं. शनिवारी ये, पण जेवायला. ट्रेलर घरी ठेवून ये.”

केल्विनने हातातलं पुस्तक पालथं केलं.

“बाई, त्या बारक्याची आणखी एखादी प्रत होती का हो?”

“आहे की, त्या फळीवर. पण रांगेतली जागा जाईल तुमची.”

“गेली तर गेली.”