प्रेतानं बोलायचं नसतं

हसा, खुशाल हसा, फक्त मान हलवू नका, कात्री मागच्या बाजूला आहे — हो, मीच ती. दिग्दर्शिका. कुणी सांगितलं तुम्हाला, समोरच्या औषधाच्या दुकानातल्यांनी? त्यांनी अर्धवटच सांगितलं असणार, सिनेमा दाखवला तेव्हा ते मध्येच उठून गेले होते. तर ती स्पर्धा अशी असते बघा — शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठ्या उचलायच्या आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा करून हातात द्यायचा. पाच मिनिटांचा. लिहायचा, काढायचा, जोडायचा, सगळं त्यातच. हौशी लोकांसाठी असते म्हणे. हौशी म्हणजे काय, तर जे येत नाही ते चारचौघांत करणारे. त्या हिशेबानं मी पहिल्या नंबरात. मला सिनेमातलं काय कळतं? नट्यांचे केस कळतात. कुठल्या प्रसंगात विग आहे ते मी बरोबर सांगते, त्यापुढे शून्य. पण भरलं नाव. का भरलं? — अहो, असंच. विरंगुळा. जरा हनुवटी खाली घ्या.

टीम कसली, शेजारचे फोटोवाले आणि मी. ते पासपोर्टचे फोटो काढतात ना, तेच. कॅमेरा त्यांचा, जोडाजोडीही तेच करणार. गुणी माणूस, पण जन्मभर न हलणारी माणसं टिपलेली. कुणी चालायला लागलं की यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "हलू नका!" आणि चिठ्ठी निघाली रहस्यकथेची. त्यात एक छत्री दिसायलाच हवी, असा नियम. म्हटलं सोपंय — छत्रीनं खून. आता खून म्हटलं की प्रेत आलं. प्रेत कुठून आणायचं? घरात एकच माणूस मोकळं. सासूबाई. विचारलं, "आई, पाच मिनिटं मरून पडाल का?" तर म्हणाल्या, "पडते की. पण साडी मी निवडणार." साडी निवडायला तास लावला त्यांनी! ही फिकी दिसते, ती टोचते. मग म्हणे केस सेट करून दे. मी म्हटलं, आई, तुमच्या डोक्यात छत्री घातलेली आहे, केस विस्कटलेले हवेत. तर म्हणतात, "लोक बघणार मला. नीटनेटकी मरू दे." झालं. छत्रीनं खून झालेली आणि एक केस इकडचा तिकडे नाही! बघणाऱ्याला वाटावं, माझ्या पार्लरची जाहिरात आहे.

आणि पडल्या तर गप्प पडाव्यात की नाही? एकदा म्हणे पाय उघडे पडलेत, पांघरूण घाल. एकदा म्हणे दुधाचं पातेलं झाकलंस का. फोटोवाले हात जोडायचे, "आजी, प्रेतानं बोलायचं नसतं हो." त्या डोळे मिटूनच म्हणायच्या, "बरं, नाही बोलत," आणि ओठ हलायचे ते हलायचेच. मी दिग्दर्शिका, मी काय करत होते? त्यांच्या बाजूला हसत बसले होते. एवढं हसलेच नव्हते कितीतरी दिवसांत. हे गेल्यापासून तर — म्हणजे माझे मिस्टर हो, तीन वर्षं होतील आता. तेव्हापासून आम्ही दोघीच. पुढे दुकान, मागे घर.

इन्स्पेक्टर? अहो ती तर माझी खरी कामगिरी. पलीकडचे व्यायामशाळावाले घेतले होते. काय छाती, काय मिशी! वॉचमनकडून टोपी आणली, शोभत होते अगदी. शनिवारचं काम झकास झालं. रविवारी सकाळी मला वाटलं, मिशी डावीकडे जरा जास्त आहे. कुणी सांगितलं होतं? मी फक्त बायकांचं करते, पुरुषाची मिशी उभ्या जन्मात हातात धरलेली नाही. डावीकडची कमी केली, तर उजवी जास्त दिसायला लागली. उजवी कमी केली, तर डावी. मी आपली समान करत गेले, समान करत गेले — शेवटी नाकाखाली जे उरलं त्याला मिशी म्हणवेना. त्यांनी आरशात पाहिलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. अजून ओळख दाखवत नाहीत. दुकानासमोरून जाताना तोंड फिरवतात. मिशी वाढली म्हणा परत.

आता संध्याकाळी सिनेमा द्यायचा, शेवटचा प्रसंग बाकी, इन्स्पेक्टर पळालेला. फोटोवाले म्हणाले, सोडून देऊ. मी "देऊ" म्हणणारच होते तेवढ्यात दारात भाऊजी. धाकटे दीर माझे. ते काय असे अधूनमधून येणारे नव्हेत, ते त्या दिवशी येणारच होते — आईला न्यायला. कायमचं. ठरलं होतं ते महिन्यापूर्वीच. तेही बरोबरच होतं त्यांचं, सख्खा मुलगा, मोठं घर, वहिनींनी एकट्यांनी का म्हणून करायचं, म्हणाले. मला फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, न्या की, मला काय. आणि सासूबाईंनीही चार दिवसांपासून बॅग भरायला घेतली होती. एकेक वस्तू आणून मला दाखवायच्या, "हे नेऊ, का तुला लागेल?" मी म्हणायचे, न्या. त्या म्हणायच्या, बरं. असं दिवसभर. आता ते काय बघत बसायचं? म्हणूनच तर भरलं ना नाव मी — तुम्हाला मघाशी विरंगुळा म्हटलं ते — असो. इकडे वळा थोडं, हा कान मोकळा करते.

तर भाऊजी. ते विम्याच्या कंपनीत, दावे खरे की खोटे ते तपासतात. म्हणजे प्रश्न विचारायचीच नोकरी! मी काही बोलायच्या आत फोटोवाल्यांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. "अहो पण आमची गाडी—" "पाच मिनिटं साहेब, हलू नका." इन्स्पेक्टर बदलला त्याचं काय? एक वाक्य घातलं, "आधीच्या साहेबांची बदली झाली." संपलं. सोफ्यावर सासूबाई मेलेल्या, त्यांच्या मागे भिंतीला टेकून त्यांची भरलेली बॅग, शेजारी हातात छत्री घेऊन मी. खुनी मीच होते, सुनेशिवाय कोण असणार! आणि प्रत्येक टीमला एक सक्तीचं वाक्य देतात, ते सिनेमात यायलाच हवं. आमचं होतं, "या घरात अजून कोण राहतं?" ते इन्स्पेक्टरनं मला विचारायचं, मी म्हणायचं, "कुणी नाही, मी एकटीच." एवढंच. चार शब्द. मीच लिहिलेले.

भाऊजींनी विचारलं. मस्त विचारलं, अगदी दावा तपासावा तसं. आणि मी — मला वाक्यच आठवेना. परत घेतलं. परत विचारलं त्यांनी. माझं "कुणी" एवढंच निघालं आणि पुढे गाडी अडली. फोटोवाले म्हणाले कॅमेऱ्याला घाबरलात. असेल बाई. तिसऱ्यांदा भाऊजींना चेव आला, आवाज चढवून विचारलं, "या घरात अजून कोण राहतं?" आणि सोफ्यावरून आवाज आला, "मी राहते."

प्रेत बोललं! मला वाटलं फोटोवाले आता ओरडणार. तर ते कॅमेरा धरून तसेच उभे. सासूबाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि परत म्हणाल्या, "मी राहते." भाऊजींना कळेना, टोपी डोक्यावर तशीच, "आई, राहते म्हणजे? आत्ता राहतेस ते, की—" "राहते म्हणजे राहते." मग ते इतक्या हळू बोलले, "मग मला आधी सांगायचं नाही का?" तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठं? घेऊन जातो म्हणालास. विचारलंस आज, आज सांगितलं."

मी काय केलं? अहो मी काय करणार, हातात छत्री होती, ती उघडली. घरात! तोंडासमोर धरली आणि उभी राहिले. माझ्या डोळ्यांत सकाळपासून काहीतरी गेलं होतं, मिशीचे केस असतील, बारीक असतात ते. आणि फोटोवाल्यांनी सगळं तस्संच ठेवलं की सिनेमात! म्हणे दुसरं काही काढायला वेळच नाही. द्यायला पोचलो तर दार बंद होत होतं, भाऊजींनीच धावत जाऊन पाय अडकवला दारात, टोपीसकट.

बक्षीस? कसलं बक्षीस, शेवटून दुसरे आलो. परीक्षक म्हणाले, रहस्य कुठंय कळलं नाही. पण मागचे लोक टाळ्या वाजवत होते. एक बाई मला येऊन म्हणाली, छत्रीमागे लपलेला खुनी काय सुंदर केलात, चेहरा न दाखवता अभिनय! मी म्हटलं, हो, तालीम केली होती खूप.

आता? आत आहेत की. टीव्हीचा आवाज येतोय ना, त्याच. सकाळपासून बोलत नाही आहोत आम्ही. त्यांनी माझा नवा टॉवेल फरशीला वापरला, मी बोलले, त्यांनीही बोलून घेतलं. चालायचंच. भाऊजी येतात महिन्यातून एकदा, त्यांना माझ्या चुगल्या सांगतात, मला इथं सगळं ऐकू येतं.

काय म्हणालात? — त्या बोलल्या नसत्या तर? तर मी थांबवलं असतं का त्यांना?

झालं तुमचं. आरशात बघा, दोन्ही बाजू सारख्या आहेत. टॉवेल तिथं टाका खुर्चीवर. अहो, तुम्ही त्या कोपऱ्यातल्या, या ना पुढे, किती वेळ बसलात.