हलवता न येणारा माणूस

ऐन नवरात्रात रजा टाकली आन् फोन बंद करून ठेवला, ही माझी चूक. माझी बढती मीच घालवली. लोक सांगतात साहेबानं घात केला, नशिबानं घात केला, जातीनं घात केला. माझ्याकडं तसलं सांगायला काही न्हाय, सगळं माझ्याच डोक्यातनं निघालेलं. तुमी लिहून घेताय तर पहिल्यापासनं सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणंल, ह्या माणसानं रजाच तर टाकली, त्यात एवढं काय.

आमी मूळचे बेंबळीच्या बाजूचे. घरची जमीन थोडी, भाऊ तिघं, त्यात मी मधला, म्हणजे कुणाच्या ध्यानात न राहणारा. वडील लई कमी बोलायचे पर एक गोष्ट सारखी सांगायचे, हणमंता, कुठं बी काम कर, पर असं कर की तुझ्यावाचून त्या मालकाचं अडलं पाहिजे. मला ते लई पटलं. आता वाटतं, बापाचं सगळंच ऐकायचं नसतंय. धाराशिवला आयटीआय केलं, फ्रीज-एसी दुरुस्तीचा ट्रेड, आन् भूमला एका खाजगी दूध डेअरीच्या शीतकरण केंद्रावर लागलो. शीतकरण केंद्र म्हणजे काय, गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधनं यायचं, ते आमी मशीनवर थंड करायचं आन् टँकरमधी भरून पुढं पाठवायचं. मशीन चालू तवर दूध. मशीन बंद पडलं की घटकाभरात दुधाचं नासवणी.

आन् आमचं मशीन म्हणजे काय सांगू तुम्हाला, जुनं, कुठल्या तरी दुसऱ्या डेअरीनं टाकून दिलेलं, स्वभावानं आमच्या थोरल्या चुलत्यासारखं, एकदा रुसलं की उठवायचं काम न्हाय. भूमची लाईट तुम्हाला माहीत हाय, येती जाती. लाईट गेली की मशीन बंद, आन् परत चालू करताना गॅसच्या पाइपावर एक वॉल हाय, नळाच्या चावीसारखा, तो हळूहळू सोडावा लागतो, पाइपावर तळहात ठेवून, थरथर कमी झाली की थोडा, परत कमी झाली की थोडा. घाई केली की मशीन धाडकन बंद, मग पाच-सहा तास त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. ही गोम मला एका जुन्या मेस्त्रीनं सांगितली आन् तो गेला सोडून. मंग ती गोम ठावी असलेला जगात मी एकटा.

तिथंच माझ्या डोक्यात वडिलांचं बोलणं घुमलं. म्या कुणाला सांगितलंच न्हाय. उलट नाटक केलं. मशीन चालू करायच्या आधी चप्पल काढायची, मशीनला हात लावून कपाळाला लावायचा, तुळजापूरच्या आईचं नाव घ्यायचं, डोळे मिटायचे. सगळे डोळ्याकडं बघत ऱ्हायचे आन् माझा उजवा हात खाली वॉलवर. वर्षा-दोन वर्षांत सगळ्या प्लँटला पटलं की हे मशीन हणमंतरावाच्या हाताचं हाय, त्याला दुसऱ्याचा हात चालत न्हाय. दसऱ्याला पूजेला सगळ्या मशिनींना एक एक हार, आमच्या मशीनला दोन, एक मशीनचा आन् एक माझ्या वतीनं. मला लई गुदगुल्या व्हायच्या. मनात म्हणायचो, हणमंता, आता तुला कोण हात लावतंय.

व्हय, कुणीच हात लावला न्हाय. वर चढवायला बी लावला न्हाय.

दर वर्षी उत्कृष्ट कामगार म्हणून सत्कार माझाच. शाल, नारळ आन् भिंतीवरचं घड्याळ. घरात भिंत कमी पडली, मंडळी म्हणल्या, एवढी घड्याळं देतेत ते, तुम्हाला घरी यायचा टाइम का देत न्हाईत. मंडळींचं नाव शालन. पोरगी राणी शाळेत जायला लागली तवा आमी ठरवलं, पोरीला धाराशिवला शिकवायचं. शालननं तिथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, शिलाई मशीन टाकलं, आन् मी भूमला, प्लँटच्या मागच्या खोलीत, खाट आन् स्टोव्ह. रविवारी एसटीनं जायचं, ते बी लाईटनं जाऊ दिलं तर. पोरगी लहान असताना घरमालकाच्या लेकरांना सांगायची, आज आमच्या घरी भूमचे पप्पा येणारेत. भूमचे पप्पा. जसं काय धाराशिवचे पप्पा दुसरे कुणी हायेत. मी हसायचो, शालन हसायची न्हाय.

म्हणून माझा सगळा जीव एकाच जागेवर. डेअरीचं ऑफिस धाराशिवला हाय, तिथं सुपरवायझरची एक जागा. दिवसा जीपमधनं गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर फिरायचं, दिवे लागायच्या आत घरी. पगाराचं जाऊ द्या, मला पोरीच्या संगं ताटावर बसायचं व्हतं, बास. ती जागा रिकामी व्हणार असं कळलं आन् मी मॅनेजर साहेबांना म्हणलं, साहेब, ह्या टायमाला माझं बघा. साहेब म्हणले, हणमंतराव, तुमच्यापेक्षा जास्त काम करणारा कोण हाय आपल्याकडं. आता तुमीच सांगा, ह्याचा अर्थ कुणी बी काय घेतला असता. म्या हो असा घेतला.

पर धीर निघंना. वाटलं, साहेबाला आपली किंमत नीट कळली पाहिजे. बायको माहेरी गेल्यावर कळती का न्हाय, तशी. म्हणून नवरात्र धरलं. तुळजापूरची गर्दी, दुधाची मागणी चौपट, टँकरवर टँकर. आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज दिला, देवीच्या दर्शनाला जातो म्हणलं, साहेबाला न्हाय म्हणता येईना. धाराशिवला गेलो, शालनला आन् पोरीला घेऊन तुळजापूरला गेलो, फोन बंद करून खिशात टाकला. दर्शनाच्या रांगेत पोरगी माझा हात धरून उभी आन् मी मनातल्या मनात हसतोय, आता लाईट गेली असंल, आता मशीन रुसलं असंल. देवीपुढं उभं राहून काय मागितलं म्हणाल तर लाईट जाऊ दे असं मागितलं. आई लई दयाळू. गेली.

तिकडं काय झालं ते मागनं प्रवीणनं सांगितलं. प्रवीण म्हणजे आमच्याकडं दुधाचा फॅट तपासायला व्हता, पोरगं गोड, कामाला यथातथाच, तपासणी करता करता मोबाईलवर क्रिकेट बघायचं. लाईट येताच सगळे मशीनपुढं जमले. म्हणले, हणमंतराव कसं करतेत. चप्पल काढतेत. सगळ्यांनी चपला काढल्या. हात लावून कपाळाला लावला. डोळे मिटले. आईचं नाव घेतलं. प्रवीणनं धावत जाऊन नारळ आणून फोडला. आन् एकानं डोळे मिटूनच वॉल गर्रकन पुरा उघडला. धाड. परत परत तसंच केलं, आन् मशीन जे बसलं ते दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत उठलं न्हाय. सगळं दूध नासलं. प्लँटच्या मागच्या नाल्यातनं पांढरं पाणी वाहत व्हतं, गावची कुत्री तीन दिवस हलली न्हाईत. प्रवीण मला म्हणाला, अण्णा, आमच्या भक्तीत काय कमी पडलं तेवढं सांगा.

मी परत आलो, चप्पल काढली, मशीन चालू केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, ऑर्डर आली समजा.

ऑर्डर आली की. प्रवीणची.

मी साहेबाच्या केबिनमधी गेलो. आवाज चढवला न्हाय, तेवढी हिंमत कुठली. म्हणलं, साहेब, पोरगं चांगलं हाय, पर माझ्यापेक्षा चांगलं हाय का. साहेब माणूस वाईट न्हाय, त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणले, हणमंतराव, खरं सांगू, मी तुमचंच नाव धरलं व्हतं. मंग तुमी एक दिवस रजेवर गेलात आन् आमची ही दशा झाली. तवा धाराशिवच्या ऑफिसातले मोठे साहेब म्हणले, त्या माणसाला तिथनं हलवायचं न्हाय. आता प्रवीणचं बघा, तो हितं असला काय आन् नसला काय, मशीनला फरक पडत न्हाय. म्हणून त्याला वर पाठवला. वर तरी कुणाला पाठवायचं, ज्याच्यावाचून अडत न्हाय त्यालाच की.

चहा लई गोड व्हता त्या दिवशी. अर्धा कप तसाच ठेवून उठलो.

मंग मला अक्कल आली, उशिरा, पर आली. म्या नाटक सोडलं. दोन गड्यांना हाताशी धरलं, वॉल दाखवला, पाइपावर हात ठेवायला शिकवलं, काही लपवलं न्हाय. ते म्हणले, आन् नमस्कार. म्हणलं, नमस्कार घरी करा. दोघंबी तयार झाले, मी जागेवर नसताना मशीन चालवायला लागले. आता साहेबाचं काय अडणार न्हाय, आता मी मोकळा. आन् बगा, तवाच प्रवीण आणखी वर सरकला आन् ती सुपरवायझरची जागा परत रिकामी झाली. मी परत केबिनमधी. ह्या टायमाला साहेब कागदावर बोट फिरवत ऱ्हायले, माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणले, हणमंतराव, मी मोठ्या साहेबांना बोललो. ते म्हणले, हा तोच ना, ऐन नवरात्रात फोन बंद करून बसलेला. कामाला वाघ हाय, पर जिम्मेदारीच्या जागेवर असा माणूस कसा बसवायचा.

म्हणजे एकाच रजेनं मी दोनदा मेलो. पहिल्यांदा लई कामाचा म्हणून, दुसऱ्यांदा भरवशाचा न्हाय म्हणून. आन् ज्या दोघांना शिकवलं त्यांना जुन्या मशीनवरचा माणूस म्हणून बाहेर मागणी आली. एक बार्शीकडं एका प्लँटचा इन्चार्ज झाला, दुसरा त्याच्या मागं गेला. दोघंबी पाया पडून गेले, अण्णा तुमच्यामुळं झालं म्हणले. राहिलो मी आन् मशीन. मला बी एकदा बाहेरनं बोलावणं आलं व्हतं, खोटं कशाला बोलू, पर साहेब म्हणले पुढच्या वर्षी नक्की, आन् मी थांबलो. पुढचं वर्ष लई गुणाचं असतंय, कधीच येत न्हाय.

पोरगी दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग झाली. प्रत्येक निकाल मला फोनवर कळला, मशीनच्या आवाजात, दोनदा विचारावं लागायचं, किती, किती म्हणली. गेल्या साली लग्न झालं. धाराशिवलाच कार्यालय घेतलं. अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरला, आन् खिशातला फोन. एकदा फोन बंद ठेवून बघितला व्हता ना, तवापासनं कधी बंद केला न्हाय. प्लँटवरचं नवं पोरगं रडकुंडीला आलेलं, अण्णा मशीन बसतंय, टँकर उभा हाय. मी कार्यालयाच्या मागं गेलो, जिथं भांडी घासत व्हते तिथं. म्हणलं, फोन पाइपाजवळ धर. कानाला गच्च लावून मशीनचा आवाज ऐकत ऱ्हायलो. आता सोड थोडा. थांब. आता थोडा. मागं मंगलाष्टकं चाललेली, एक कान तिकडं, एक कान इकडं. मशीन लागलं. माझ्या मुठीत अक्षता तशाच. पळत आलो तवर टाळ्या आन् वाजंत्री. कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाय. पोरीच्या मागं मामा उभा असतो, बापाचं तिथं तसं काय काम नसतंय.

मशीन अजून तेच हाय. नवं येणार, नवं येणार असं ऐकतो. प्रवीण आता मोठा साहेब झालाय, ह्या वर्षीचं घड्याळ त्याच्याच हातनं मिळालं. बाजूला घेऊन म्हणाला, अण्णा, तुमच्यासारखं काम मला आयुष्यात जमलं नसतं. मी म्हणलं, म्हणून तर तुझं भलं झालं बाबा. तो हसला, मी बी हसलो. त्याचं चांगलं होवो, त्याच्या मनात कधी पाप नव्हतं. साहेबाच्या बी नव्हतं. तेच तर अवघड हाय, शिव्या द्यायला माणूस सापडत न्हाय. माझी नोकरीची दोन-तीन वर्षं राहिलीत. त्यात आता काय व्हणार न्हाय, हे मला कळतंय. पहिलं लई जीव जळायचा, आता जळायला बी काय शिल्लक न्हाय.

गेल्या रविवारी धाराशिवला गेलो. शालन ब्लाऊज शिवत बसलेली, शेजारणींची ये-जा चाललेली, टीव्ही चालू. मला बसायला खुर्ची नव्हती, तिच्यावर कपड्यांचा ढीग. मी कॉटच्या कडंला टेकलो आन् म्हणलं, शालन, बास झालं. राजीनामा देतो आन् येतो घरी कायमचा. तिनं मशीनवरचा पाय काढला न्हाय, दोरा तोडला दातानं आन् म्हणली, तिथं निदान तुमच्यावाचून अडतंय तरी. हितं कुणाचं काय अडलंय.