लॅपटॉपखालची डायरी

अनिता : भावजी, माझी डायरी द्या. मी निघते.

प्रणय : वयनी, नऊ मिनिटं थांबा. टायमर लावलाय. पंचवीस मिनिटं जागचं उठायचं नसतं.

अनिता : कसलं काम चाललंय एवढं?

प्रणय : आठवड्याची कामं लावतोय बोर्डावर.

अनिता : लावताय. करताय कधी?

प्रणय : नीट लावली की करायला वेळ लागत नाय. सॉफ्टवेअरमध्ये तसंच असतं.

अनिता : भिंतीवर चिठ्ठ्या वाढल्या वाटतं. ह्या पिवळ्या कसल्या?

प्रणय : पिवळी म्हणजे विचार चालू. निळी म्हणजे काम चालू. हिरवी म्हणजे झालं.

अनिता : हिरवी एकच दिसते.

प्रणय : ती बोर्ड बनवायची होती.

अनिता : आणि माझं कुठं आहे ह्यात? दिवाळीत तुमीच म्हणालात, वयनी, तुमी आशाताई, एवढी घरं फिरता, कुणाची तपासणी कधी, कुणाच्या पोराची लस कधी, ते फोनच सांगेल असं करून देतो. दोन दिवसांचं काम म्हणालात.

प्रणय : आहे ना. ती बघा, मधली पिवळी.

अनिता : संक्रांत झाली तरी पिवळीच.

प्रणय : अॅपचं नाव ठरत नव्हतं. आता तीन उरलीत. तुमाला विचारणारच होतो.

अनिता : नाव नको. डायरी द्या. तीन आठवडे झाले, नावं उतरवून घेतो म्हणून नेलीत.

प्रणय : इथंच होती. थांबा, कुठली वस्तू कुठं ठेवली त्याची यादी आहे माझ्या फोनात.

अनिता : यादी राहू दे. लॅपटॉपखाली काय आहे ते?

प्रणय : हां. तीच. स्क्रीन डोळ्यांसमोर नसली की मान धरते. ह्या डायरीची जाडी बरोबर बसली.

अनिता : उचला तो.

प्रणय : रागावलात?

अनिता : काशी पडली काल. धाऊची बायको, वरच्या पाड्यावरची. सातवा महिना आहे तिला. हंडा घेऊन येत होती, वाटेतच चक्कर आली.

प्रणय : आता कशी आहे?

अनिता : आहे बरी. पोटातलं पण बरं आहे. धाऊचा फोन आला तशी जीप केली न शहापूरला नेली. रक्त फार कमी झालंय. दोन बाटल्या चढवल्या.

प्रणय : मग डायरीचं काय?

अनिता : हे पान बघा. लाल पेनानं काय लिहिलंय?

प्रणय : काशी. दहा तारीख. रक्त परत तपासायचं.

अनिता : आज एकवीस. बाकीच्यांच्या तारखा ध्यानात होत्या, हिची वीस धरून बसले मी. डॉक्टरबाईंनी विचारलं, दहाला का नाय आणलीत.

प्रणय : तुमी काय सांगितलंत?

अनिता : काय सांगू? दिराची मान दुखते म्हणून? म्हटलं, माझी चूक झाली.

प्रणय : तुमची कुठं? माझी झाली.

अनिता : ते तुमचं तुमाला ठाऊक. काशी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ताई, तुमी आला नाय, मला वाटलं आता गरज नसंल.

प्रणय : वयनी, आज संध्याकाळपर्यंत करूनच देतो. सगळं बाजूला ठेवतो.

अनिता : संध्याकाळचं मला नको. हे बघा, आजच्या पानावर नम्रता. पंढरीकाकांची सून. बाळाची लस आज आहे, उपकेंद्रात एकपर्यंतच देतात. ती एकटी घरात, ये म्हणून सांगायला कुणी नाय. मी चालत गेले तर तिकडंच एक वाजेल.

प्रणय : म्हणजे गाडी काढू?

अनिता : काढाल तर बरं.

प्रणय : अकराला ऑफिसची मीटिंग आहे माझी. टाळता येत नाय. मलाच बोलायचंय.

अनिता : कशावर?

प्रणय : काम वेळेत कसं उरकायचं, त्यावर. सगळ्या टीमला सांगायचंय.

अनिता : तुमाला सांगितलं त्यांनी?

प्रणय : बोर्ड माझाच सगळ्यात नीट असतो ना. सर सगळ्यांना तोच दाखवतात.

अनिता : आणि काम?

प्रणय : दोन कामं मागे आहेत. पण मागे आहेत ते बोर्डावर नीट दिसतं.

अनिता : बरं. मी निघते चालत. तुमी सांगा त्यांना.

प्रणय : थांबा, वयनी. चावी घेतो. सरांना वाटेत फोन करतो.

(दुपारी तीन. शहापूरच्या दवाखान्याबाहेर. काशीला भेटून दोघं मोटरसायकलीपाशी उभी आहेत.)

अनिता : तुमचे सर काय म्हणाले सकाळी?

प्रणय : म्हणाले, तुझ्यासारख्या शिस्तीच्या माणसानं आयत्या वेळी असं करावं, ह्याचं आश्चर्य वाटतं.

अनिता : मग?

प्रणय : मग काय. मला पण वाटलं.

अनिता : नम्रताच्या बाळाला लस मिळाली, तेवढं झालं. आणि आत काशीपाशी काय बोलत होतात? मी नर्सबाईंकडं गेले तेव्हा.

प्रणय : सांगितलं तिला. तुमची डायरी तीन आठवडे माझ्याकडे होती, म्हणून तुमी दहाला आला नाय.

अनिता : काय म्हणाली?

प्रणय : म्हणाली, वाचत होतास का?

अनिता : तुमी काय सांगितलंत?

प्रणय : खोटं सांगवेना. म्हटलं, नाय, लॅपटॉप ठेवलेला डायरीवर. मग म्हणाली, संत्रं सोलून दे, ह्या हाताला सुई आहे.

अनिता : दिलंत?

प्रणय : दोन दिली. वयनी, तुमचा फोन द्या जरा. डायरी पण.

अनिता : आता इथं काय?

प्रणय : तुमी नावं वाचा, मी घालतो. तुमच्या फोनात कॅलेंडर आहे. तारीख घातली की त्या दिवशी सकाळी वाजतं.

अनिता : आधीपासून आहे हे फोनात?

प्रणय : फोन घेतला तेव्हापासून.

अनिता : मग अॅप कशाला बनवत होतात?

प्रणय : ते जास्त चांगलं झालं असतं.

अनिता : किती वेळ लागेल ह्याला?

प्रणय : चौतीस नावं. वीस मिनिटं.

अनिता : लिहा तर. भगीरथची मुलगी, पंचवीस. सापगावची नेहा, ती माहेरी आलीये, तीस. काशी, परत अठ्ठावीसला आणायला सांगितलंय.

प्रणय : काशी, अठ्ठावीस. सकाळी सातला वाजेल. माझ्या फोनात पण घालतो.

अनिता : तुमच्यात कशाला?

प्रणय : पाड्यावरून तिला जीपनं कशाला आणायची? शेजारच्या दिपेशची रिक्षा मागून घेतो, मीच चालवतो.

अनिता : मग साडेसहाचा लावा. तुमाला उठायला वेळ लागतो.